घरात राहायला मिळणं

बीडमध्ये कुणाच्या गॅलरीत किती कुंड्या आहेत हे घराच्या ऐपतीवर ठरत नाही, नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर ठरतं. जिल्ह्याचं पाऊसमान सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण ही सरासरी दप्तरातली. प्रत्यक्षात 2015-16 सारख्या वर्षी माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळतात, आणि 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणा नदी काठची शेतं मातीसकट उचलून नेते. शहराचं पाणी माजलगावच्या धरणातून आणि बिंदुसरेच्या तलावातून येतं. धरण भरलंय म्हणजे नळ रोज सुटेल, असा अर्थ बीडमध्ये कुणी काढत नाही. गल्लीत ‘पाणी सुटलं!’ अशी हाळी आली की हातातलं काम टाकून मोटारी लागतात. आधी टाक्या, मग पिंपं, हंडे, बादल्या, शेवटी तपेली आणि तांबे. त्या दिवशी घरातलं एकही भांडं पालथं राहत नाही. एवढं सगळं भरून झाल्यावरही नळाला धार असली, तर कुंड्यांची पाळी.

इथल्या गॅलऱ्या बघायच्या तर पाणी सुटलेल्या दिवशी संध्याकाळी बघाव्यात. फरशी धुतलेली असते, तुळशीची पानं स्वच्छ असतात, खुर्ची बाहेर आलेली असते आणि घरातलं कुणीतरी हातात कप घेऊन उगाच रस्त्याकडे बघत बसलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत गॅलरी सजवायच्या ज्या युक्त्या छापून येतात, त्यांतल्या निम्म्या बीडच्या मे महिन्यात आठ दिवस टिकायच्या नाहीत. भिंतीवरची उभी बाग, छोटं कारंजं, फर्नची टोपली हे सगळं पारा बेचाळीसवर गेला की संपतं. इथली सजावट आधी टिकाव बघते, शोभा मागून येते. आणि गंमत म्हणजे ती येतेच.

माझी मावशी बीडच्या एका कॉलनीत पहिल्या मजल्यावर राहते. तिची गॅलरी सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद. पश्चिमेची, म्हणजे दुपारी तीनपासून सहापर्यंत ऊन थेट अंगावर. त्यावर तिनं कृषी सेवा केंद्रातून हिरवी शेडनेट आणून बांधली आहे, 50 टक्के सावलीची, शेतकरी भाजीच्या रोपांवर टाकतात तीच. खाली रांगेनं तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे आहेत. वरचं तोंड कापून कडा आत वळवलेल्या, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली, बाहेरून गेरू आणि गेरूवर चुन्याचे बोटांचे ठिपके. दोन डब्यांत कढीपत्ता, एकात गवती चहा, एकात मोगरा. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत जास्वंद आणि शेवंती. कठड्यावर दह्याच्या डब्यांतून सदाफुली आणि ओवा. कोरफड तर फुटक्या माठाच्या बुडातही जगते, म्हणून तिला फुटका माठ मिळालाय. विकत आणलेली कुंडी एकच, तुळशीची.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मावशीचा पाण्याचा हिशेब. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. भाजी धुतलेलं जास्वंदीला आणि कढीपत्त्याला. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे फेकायचं पाणी निघतं ते बादलीत साठतं. पण त्यात क्षार फार, सारखं घातलं तर मातीवर पांढरी खार धरते. म्हणून ते कोरफडीला आणि सदाफुलीला, तेही एकाआड एक वेळेस, मधूनमधून चांगल्या पाण्यानं माती धुऊन काढत. मोगरा हा तिचा लाडका आणि तोच छळवादी, कारण तो फुलतो नेमका मार्च ते मे, जेव्हा थेंबाथेंबाची मोजदाद चाललेली असते. मी एकदा अर्धा तांब्या पाणी मोरीत ओतलं तर तिनं आतून हाक दिली, “अगं माय, एका पाण्यानं तीन कामं झाल्याबिगर ते मोरीत जाऊ देऊ नये. आम्ही काय समुद्राकाठी राहायलोत का?”

ती गावाला जाते तेव्हाची सोय आणखी बघण्यासारखी. स्टुलावर पाण्याची बादली, बादलीतून निघालेल्या कापसाच्या जाड वाती, आणि त्यांची दुसरी टोकं एकेका डब्याच्या मातीत खुपसलेली. वात पाणी ओढते आणि सावकाश खाली सोडते. दोन-तीन दिवस निभावतात. कापूस भावकीच्या शेतातला, वाती देवापुढच्या वळायच्या सवयीनं वळलेल्या. शेजारच्या घरानं याच कामासाठी ठिबकची नळी लावली आहे, शेतात उरलेला तुकडा. दुष्काळाच्या वर्षांत रस्त्याकडेच्या रोपांना सलाईनच्या रिकाम्या बाटल्या लटकवून पाणी दिलेलं या भागानं पाहिलं आहे. त्या बाटल्या अजूनही काही गॅलऱ्यांत उलट्या टांगलेल्या दिसतात. शेतातलं तंत्र दोन-चार चौरस मीटरच्या फरशीवर येऊन बसलं आहे. याला मी सजावटच म्हणते.

आता ही गॅलरी आली कुठून, तेही सांगायला हवं, कारण दोन पिढ्यांपूर्वी बीड जिल्ह्यात ती जवळजवळ नव्हतीच. इथलं घर म्हणजे माळवद. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर हात-दीड हात पांढरी माती. पावसाळ्याआधी त्या मातीवर नवी माती चढवायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. पावसात वर गवत उगवायचं. छतातल्या सवण्यातून उजेडाचा एक चौकोन आत पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. घड्याळ नसलेल्या घरात त्यावरून वेळ कळायची. मे महिन्यात बाहेर आग बरसत असताना आत थंड. ओसरी, ढेलज, बंगई, कोनाडे, देवळ्या, धान्याचं बळद. बाहेरच्या माणसाला पायरीपासून ओसरीपर्यंत कुठं थांबवायचं हेही घराच्या रचनेतच ठरलेलं.

आणि वर माळवद. दुपारी कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या वाळत घालायला, रात्री अंथरूण टाकायला. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकत आख्खी गल्ली ओलांडता यायची. बायकांची निम्मी बोलणी वरच्या वर व्हायची, रस्त्यावर न उतरता. आज आपण ज्याला गॅलरीतला निवांत वेळ म्हणतो, तो तेव्हा छतावर होता, आणि तो एकट्याचा नव्हता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावंच्या गावं जमिनीला मिळाली, हजारो माणसं गेली, आणि ती बहुतांशी गेली ती घरांखाली सापडून, चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं ओझं अंगावर येऊन. अंबाजोगाई, केज, परळी या भागांत नुसते हादरे बसले; पण आपल्या डोक्यावर काय आहे, हे त्या पहाटे सगळ्या मराठवाड्यानं मान वर करून पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक अंगणात झोपत होते. पुढच्या वर्षांत माळवदं उतरत गेली, वर पत्रे आले, ऐपत आली तसे स्लॅब आले. एकट्या भूकंपाचंच हे काम नव्हे. सागवान महागलं होतं, दरवर्षी माती चढवायला माणसं मिळत नव्हती, भाऊ वेगळे होऊन वाडे वाटले जात होते. पण निर्णय घ्यायला धैर्य लागतं, ते भीतीनं दिलं.

माळवदाच्या आठवणी काढून गहिवरणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यात विंचू नसतात, गळणारे कोपरे नसतात, पावसाच्या रात्री उठून ठिकठिकाणी भांडी मांडणारी बाई नसते. सारवणं, चोपणं, लिंपणं हे सगळं कुणाच्या हातांनी व्हायचं? ज्यांनी ते केलं त्यांतल्या बहुतेकींना स्लॅबचं घर हवंच होतं. मात्र स्लॅबनं थंडावा नेला हेही खरं. तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ऊन सोडत राहतो. पत्र्याखाली तर दुपार काढणं ही शिक्षाच. त्यामुळं हवा खायला बाहेर यायची गरज वाढली आणि अंगण तर गेलेलं. मग पहिल्या मजल्यावर साडेतीन फुटांचा कठडा पुढं आला. पापड तिथंच वाळतात, शेंगा तिथंच फोडल्या जातात. लाईट गेली की समोरासमोरच्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर येतात आणि ‘तुमच्याकडं बी गेली का?’ हे विचारून बोलणं सुरू होतं. लाईट आली की आपापल्या टीव्हीकडं. महावितरणनं एवढी समाजसेवा केली आहे.

घरकुल योजनेतल्या घरांना हे सुख नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर; त्यात गॅलरी कुठून काढणार? पण तिथंही दाराबाहेर ओटा घातला जातो आणि ओट्याच्या कोपऱ्यात डबा येतोच, डब्यात तुळस येतेच.

मराठवाड्याची घर सजवायची खरी हौस बघायची तर दिवाळीच्याही आधी, भाद्रपदात यावं. इथं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या तीन दिवसांत घरातलं कपाट, पलंग, सोफा, सगळं मागं सरतं. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्यांचे, साड्या यंदाच्या. साडीच्या निऱ्या घालायला गल्लीतली एखादी ठरलेली बाई असते. तिला त्या दिवशी दहा घरची बोलावणी. वर फुलोरा टांगलेला, म्हणजे करंज्या, पुऱ्या, वेणी-फणी असे तळलेले प्रकार दोऱ्यात ओवून. पुढं धान्याच्या राशी आणि सोळा भाज्यांचा, पुरणपोळीचा, आंबिलीचा नैवेद्य. संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका देवी बघतात तशी आरासही बारकाईनं बघतात आणि घरी जाताना मतंही व्यक्त करतात. एखाद्या घरानं यंदा देवीमागं शेताचा देखावा केलेला, एखाद्यानं नुसतेच लुकलुकते दिवे सोडलेले. अंतर्गत सजावट हा शब्द न वापरता तिची एवढी चिकित्सा मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाही.

दिवाळीत सजावट उंबऱ्याबाहेर येते. आकाशकंदील, पणत्या, रांगोळी सगळ्या महाराष्ट्रात. इथं त्यात शेणाच्या गवळणींची भर. अंगणात ताज्या शेणाच्या वितभर उंचीच्या बाहुल्या करायच्या. कुणी ताक घुसळतेय, कुणी डोक्यावर घागर घेऊन निघालीय, कुणी चुलीपाशी बसलीय. पाडव्याला पांडव. कुरडूचे तुरे आणि झेंडूच्या पाकळ्या खोचून त्यांना नटवायचं. कॉलनीतल्या फरशीवर हे कसं जमायचं? जमवतात. गोठा असलेल्या ओळखीच्या घरून पिशवीतून शेण येतं, गॅलरीत जुन्या वर्तमानपत्रावर पाट मांडला जातो आणि त्या पाटावर गवळणींचा संसार. मावशीच्या नातीला शेणात हात घालायचा नव्हता. तिनं मातीच्या केल्या. मावशीनं नाक मुरडलं आणि त्याही पाटावर बसवल्या. आता तिच्याकडं दोन्ही जातीच्या गवळणी असतात.

याच दिवसांत बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं उतरतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला त्यात नवल काहीच वाटलं नाही. धारूर, अंबाजोगाईच्या बाजूची फळं खाऊन वाढलेल्याला बाहेरची गोड लागतच नाहीत. पाटी आणायची, अढी घालायची, रोज सकाळी हात फिरवून कोणतं दबतंय ते बघायचं. मग गॅलरीत बसून एकेक फोडायचं. बिया कुठं टाकायच्या? जवळच्या डब्यात. कितीतरी घरांत कढीपत्त्याच्या शेजारी सीताफळाची दोन पानी रोपं वर येतात आणि ती उपटायचा धीर कुणाला होत नाही.

रोपांवरून आठवलं. बीडजवळच्या पालवणच्या उजाड माळावर अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली, आणि तिथं फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरलं. साहित्य संमेलनाला असतो तसा त्यालाही अध्यक्ष होता. तो होता वड. अध्यक्षपदावरून वाद न झालेलं मराठीतलं हे बहुधा एकमेव संमेलन असेल.

साहित्य संमेलनाचा विषय निघालाच आहे तर अंबाजोगाईकडं वळू. घरसुखाच्या लेखात पुस्तकं नसतील तर तो अर्धाच. आणि या जिल्ह्यात पुस्तकांचा पत्ता विचारला तर लोक अंबाजोगाईचंच नाव घेतात. मुकुंदराजांची समाधी इथं आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानला जातो. तो लिहिला गेला तो इथं की विदर्भातल्या आंभोऱ्याला, हा वाद अभ्यासकांनी घालावा; अंबाजोगाईकर त्यात पडत नाहीत, त्यांच्या दृष्टीनं निकाल कधीच लागलेला आहे. पुढं सोळाव्या शतकात दासोपंत आले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा हा माणूस रोज ढबू पैशाची शाई संपवायचा, अशी आख्यायिका. आणि त्यांची पासोडी तर बघायलाच हवी. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांत मांडला आहे. अंगावर पांघरायच्या जाडसर कापडाची ही लांबचलांब पट्टी, आणि तिच्यावर ओळींमागून ओळी. विषय पंचमहाभूतांचा, तसा अवघडच. पण तो एवढा मोठा पसरलेला बघितला की वाचायची धास्ती कमी होते. पुस्तक हातात धरून एकट्यानं वाचायचं ही अलीकडची सवय आहे. पासोडीभोवती दहा माणसं उभी राहू शकतात.

इथल्या घरांत वाचन दीर्घकाळ असंच चाललं, चारचौघांत, मोठ्यानं. श्रावणात पाटावर पोथी यायची. परळीचा वैजनाथ जिल्ह्यातच, त्यामुळं श्रीधरांचं ‘शिवलीलामृत’ घरोघर. अकरावा अध्याय तर कितीजणींना पाठ. लिंगायत घरांत मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’, कारण त्यांची समाधी बीडजवळ कपिलधारला. वाचणारी एक, ऐकणाऱ्या पाच-सात. हातात वातीचा कापूस, नाहीतर निवडायची डाळ. अध्याय संपला की बोलणी, बोलणी संपली की अध्याय. धर्मापेक्षा त्यात घरातून मिळालेली सुट्टी जास्त होती असं मला वाटतं. ‘पोथीला जाते’ म्हटल्यावर सासूही अडवत नसे.

छापील मराठी पुस्तक इथं सुखासुखी आलेलं नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राज्यकारभार आणि वरचं शिक्षण उर्दूतून. खासगी शाळा, सभा, वाचनालयं यांच्यावर परवानग्यांचा जाच. त्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत योगेश्वरी शाळा चालली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. शाळा आणि वाचनालय चालवणं हेच तेव्हा राजकारण. घरातल्या कोनाड्यात मराठी पुस्तकांची चळत असणं ही सजावट नव्हती, ती भूमिका होती. आपल्या आजोबांच्या पिढीनं पुस्तकांना घातलेली जाड खाकी कव्हरं आठवा. त्या जपणुकीला हा इतिहास आहे.

त्याच अंबाजोगाईनं 1983 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. मला त्यात एक जुळून आलेला योग दिसतो. त्यांची ‘बनगरवाडी’ माणदेशातली. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो, माणसांत मिसळतो. आणि शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते. बीडच्या माणसाला ही कादंबरी समजावून सांगावी लागत नाही. तरीही ती इथल्या वाचनालयांत पुन्हापुन्हा नेली जाते, आणि नेणारे दुःखी व्हायला नेत नाहीत. दिलासा देणारी पुस्तकं म्हणजे हलकीफुलकी, गोड शेवटाची, असा एक समज आहे. पु. ल. आणि चिं. वि. जोशी दिलासा देतातच, वादच नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. तऱ्हेवाईक नवरा, पोटची पोरं गमावणं, घरं मोडणं, पुन्हा मांडणं. एवढं सगळं असून ते पुस्तक मिटताना माणूस हसत असतो. आपल्यावर आलेलं दुसऱ्या कुणीतरी नीट, न रडता सांगितलेलं असलं की बरं वाटतं, आणि दुष्काळी मुलखात असं बरं वाटायची गरज जास्त.

कोणत्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी तासभर बसावं. कोणतं पुस्तक किती फिरलंय ते त्याच्या पाठीवरून कळतं. ‘मृत्युंजय’चं बाइंडिंग दोनदा केलेलं. सुहास शिरवळकरांची शेवटची पानं सुटलेली. आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, 1970 ची, हळदीच्या बोटांसकट. वाटी-चमच्याच्या मापात सांगितल्यानं ती घरोघर पोचली हे खरं. पण ती नेणाऱ्या सगळ्या जणी स्वयंपाकासाठी नेत नाहीत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी यांवर ज्या घराचं जेवण आटोपतं, तिथंही दुपारी पडल्या पडल्या गॅसवर कधीच न चढणाऱ्या पदार्थांची कृती वाचायला मजा येते. ‘पाककृती वाचली, पोट भरलं,’ असं माझी मावशी म्हणते. मग उठून धपाटी लावते.

याच वाचनालयांच्या दुसऱ्या खोलीत मात्र चित्र वेगळं असतं. अभ्यासिका. सकाळी सातला मुलं येऊन जागा धरतात. स्पर्धा परीक्षा, पोलिस भरती, तलाठी भरती. भिंतीकडं तोंड करून बसलेली, कानात बोळे. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, तिथं शांत कोपरा कुठून मिळणार? त्यांना कादंबरी देऊ केली तर ती हसतात. त्यांचा दोष नाही. पण वाचून फक्त सुख घ्यायचं, बाकी काही मिळवायचं नाही, हे या पिढीला परवडेनासं झालंय याचं वाईट वाटतं.

आणि परवडण्याचा विषय निघाला की या जिल्ह्यात एक गोष्ट टाळता येत नाही. हा दिवाळी अंक तुमच्या हातात असेल तेव्हा बीडमधली लाखो माणसं घरात नसतील. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तिची फेड ऊस तोडूनच. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, अंथरुणं, भांडी, चुलीचं सामान, कोंबड्या, एखादी शेळी आणि वर पोरं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडं कारखाना असेल तिकडं. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीत गेलात तर ओळीनं कुलुपं दिसतील. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. पोरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. 2021 मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही आणली. पण आजीजवळ झोपणारं पोर वसतिगृहात रमलं का, याचा तक्ता कुठल्या कचेरीत नसतो.

घर सहा महिने बंद राहणाऱ्या बाईला घर सजवायची हौस नसते, असं समजू नये. तिची फडावरची झोपडी, म्हणजे कोपी बघावी. पाचट, बांबू, वरून ताडपत्री. आत माणूस वाकूनच शिरतो. पहाटे चारला उसात जायचं आणि उसाच्या मोळ्या भरून झाल्यावर, कधी रात्री, परत. तरी पहिल्याच दोन दिवसांत जमीन सारवलेली असते. चूल लिंपलेली. एका बाजूला खोक्यावर देव मांडलेले, आरसा-कंगव्याची जागा ठरलेली, दोरीवर साडीचा पडदा. दिवाळीत दाराशी चार ठिपक्यांची रांगोळी आणि तिच्या मधोमध एक पणती. उद्या फड बदलला की हे सगळं मोडायचं आणि दहा कोसांवर पुन्हा मांडायचं, हे माहीत असून. घर आवरलेलं असावं ही गरज पोट भरल्यानंतरची, असं म्हणणाऱ्यांनी कोपीत दोन रात्री काढाव्यात.

फेब्रुवारी-मार्चपासून गाड्या परतायला लागतात. या गावांची खरी झाडलोट तेव्हा, चैत्राच्या तोंडावर. कुलूप गंजलेलं, कोळिष्टकं, उंदरांनी कुरतडलेली वाकळ. भिंतींना चुना, ओट्याला रंग, आणि लग्नसराई समोर असल्यानं दारावर नावं. तुळस आजीनं जगवलेली असली तर जोमात असते. नसली तर शेजारणीकडून मंजिऱ्या आणायच्या, पाऊस पडेपर्यंत दम धरायचा.

शहरातल्या गॅलरीत बसून चहा पिणाऱ्याला हे सगळं आठवायलाच हवं, असं काही माझं म्हणणं नाही. चहा गोड मानून प्यावा. मावशीला मात्र आठवतं, कारण तिच्याकडं धुणीभांडी करणारी बाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते आणि गुढीपाडव्याला परत येते. जाताना आपला गवती चहाचा डबा मावशीच्या गॅलरीत ठेवून जाते. “अक्का, ह्याला तांदळाचं पाणी द्या बरं का, त्या मशीनचं नको,” हे बजावून. मावशीला हा सल्ला रुचत नाही, पण ती देते तांदळाचंच.

आता या अंकाविषयी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दरवर्षी फराळाबरोबर वाचायला काहीतरी ताटात वाढून घेतो. बीड, अंबाजोगाई, माजलगावसारख्या गावांत सगळे अंक विकत घेणारा वाचक विरळा. वाचनालयाची दिवाळी अंक योजना असते. ठरावीक रक्कम भरायची आणि पाळीपाळीनं अंक न्यायचे. पहिल्या आठवड्यात ज्यांचा नंबर लागतो ते नशीबवान, म्हणजे बहुधा ग्रंथपालांचे शेजारी. बाकीच्यांकडं अंक पोचतो तो नाताळानंतर, कुणाकडं महाशिवरात्रीला. तोवर शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवलेलं असतं, वार्षिक राशिभविष्यातले निम्मे महिने खोटे ठरलेले असतात, आणि पाककृतीचं पान कुणीतरी अलगद कापून नेलेलं असतं. ते पान कुणी नेलं याबद्दल माझा एका पश्चिमेच्या गॅलरीवर संशय आहे.